वरचा कप्पा, खालचा कप्पा

दादा परसात चूळ भरत होते आणि मी पायरीवर बसून जुईच्या टाचांना तेल लावत होते. दादा म्हणजे माझे थोरले दीर, नंदकुमार. रातपाळी संपवून नुकतेच कारखान्यातून आले होते. सँडो बनियन, भुवयांवर सुताची पांढरी धूळ. तांब्या कट्ट्यावर ठेवायला त्यांनी हात लांब केला आणि मला त्यांच्या दंडावरचा चट्टा दिसला. लाल, मधे फिकट, रुपयाएवढा.

"दादा, दंडाला काय झालं?"

"कुठं? हे व्हय?" त्यांनी मान वळवून बघितलं. "सूत चावलं असंल. लहानपणापास्नं चावतंय, अजून पोट भरंना त्याचं."

मी हसले. इचलकरंजीत माग चालवणाऱ्या घरात अंगावर पुरळ ही काही बातमी नव्हे. माझ्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना अक्काच म्हणायचो, आतून ओरडल्या, "आंघोळ करा आधी, मग सुताशी बोला!" दादा न्हाणीघरात गेले.

माझा हात मात्र जुईच्या टाचेवर थांबला होता. गेल्या आठवड्यात अगदी असाच चट्टा माझ्या नवऱ्याच्या, सतीशच्या दंडावर होता. रोज सकाळी नवा उठायचा, संध्याकाळी मावळायचा. या आठवड्यात सतीशचा दंड स्वच्छ होता.

असं बघत राहायची मला सवयच लागली होती. आधी मी अशी नव्हते. कोल्हापुरात बी.एस्सी. केलं, रसायनशास्त्र घेऊन, तेव्हा मैत्रिणी मला वेंधळी म्हणायच्या. पण जुई पोटात असताना सतीशच्या छातीत दुखायला लागलं, आणि तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी त्याच्या टाचेमागची धोंडशीर दोन बोटांत धरून दाखवली. ती जाड होती, गाठाळ. मला वाटायचं दिवसभर उभं राहून झाली असेल. ते कोलेस्टेरॉल होतं, शिरेत साठलेलं. दादांच्याही टाचेत होतं, बोटांच्या पेरांवरही होतं. माझे सासरे पन्नाशीही न गाठता मागावर गेले होते, त्यांचे भाऊही तसेच. घरात सगळे म्हणायचे, धुळीनं गेले. ते धुळीनं गेले नव्हते. हे रक्तातून येत होतं, बापाकडून लेकाकडं, आणि लेकीकडंही.

म्हणून मी रोज जुईच्या टाचांना तेल लावायची. तेल हे निमित्त होतं.

दोघा भावांच्या धमन्या सगळीकडूनच बारीक झाल्या होत्या. बायपास करावं तर टाका घालायला चांगली जागाच उरली नव्हती. गोळ्या चालू होत्या, पुरत नव्हत्या. मग कुणीतरी पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाचं नाव सांगितलं. तिथं एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. आम्ही चौघं आणि माझ्या मांडीवर जुई, असे सगळे एसटीनं गेलो.

आगटे मॅडम नावाच्या डॉक्टर होत्या. त्यांनी कागदावर धमनीचं चित्र काढलं. "रक्तात चांगल्या कोलेस्टेरॉलचे कण फिरतात ना, त्यांच्यावर एक प्रथिन असतं. धमनीच्या भिंतीत अडकलेली चरबी उचलून यकृताकडं न्यायचं, हे त्याचं काम. ते प्रथिन खूप मोठं. पण काम करतो तो त्यातला एक छोटासा तुकडा. अशा छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. तेच आम्ही इंजेक्शनातून देऊन बघतोय."

"म्हंजे कापडाचं अख्खं थान नको," दादा म्हणाले, "रुमालाएवढा तुकडा घ्यायचा आणि नळी पुसून काढायची."

मॅडम हसल्या. "अगदी तसंच. पण पुसली जाते का, तेच अजून माहीत नाही. म्हणून तर अभ्यास."

"आणि हे आपल्याच अंगातलं?"

"मुळात आपल्याच अंगातलं."

"मग आमच्या अंगात ते कामचुकारपणा का करतंय?"

"कामचुकार नाही हो. काम फार आहे आणि कामगार कमी."

हे दादांना पटलं. पुढचं मात्र पटलं नाही. अभ्यासातल्या निम्म्या लोकांच्या बाटल्यांमधे औषध असणार होतं आणि निम्म्यांच्या बाटल्यांमधे नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं ते रुग्णाला नाही, डॉक्टरांनाही नाही, अभ्यास संपेपर्यंत कुणालाच कळणार नव्हतं.

"आम्ही दोघं भाऊ," दादा म्हणाले. "एकाला औषध आणि एकाला पाणी, असंबी होईल?"

"होऊ शकतं."

"एका घरात?"

"यंत्र चिठ्ठ्या काढतं, काका. त्याला घर कळत नाही."

 सही करताना दादांनी पेन बराच वेळ हातात धरून ठेवलं.

आम्हाला दोन पांढरे डबे मिळाले, आत छोट्या बाटल्या. आडनाव एकच, म्हणून तिथल्या मदतनीस बाईंनी झाकणावर निळ्या पेनानं लिहून दिलं, एकावर 'थोरले', दुसऱ्यावर 'धाकटे'. फ्रिजात वरचा कप्पा दादांचा आणि खालचा सतीशचा, असं अक्कांनी ठरवून टाकलं. रोज सकाळी पाळी बदलताना, एक जण येताना आणि एक जाताना, दोघं परसातल्या कट्ट्यावर बसून एकमेकांना दंडात सुई द्यायचे. दादांना जवळचं नीट दिसत नसे, म्हणून दोन्ही सुया सतीशच भरायचा.

तो चट्टा बघितल्यावर मी उठले आणि जुईला कडेवर घेऊन फ्रिज उघडला. वरच्या कप्प्यात 'थोरले' होता, खालच्यात 'धाकटे'. सगळं जागच्या जागी. मी फ्रिज लावला आणि आठ दिवस वाट बघितली.

आमच्या कारखान्यात आठवड्याला पाळी बदलायची. माग थोडे, माणसं हे दोघंच आणि एक गडी. रातपाळी कायम एकाच्याच मानगुटीवर नको, म्हणून सासऱ्यांच्या वेळेपासूनची ती पद्धत होती. पाळी बदलली त्या सकाळी दादा स्वयंपाकघरात पाणी प्यायला आले, फ्रिज उघडला, मिटला, आणि गेले. मी मागोमाग जाऊन बघितलं. 'थोरले' खालच्या कप्प्यात होता. दुसऱ्या दिवशी चट्टा सतीशच्या दंडावर उठला.

दुपारी सतीश झोपेतून उठून जेवायला बसला तेव्हा मी त्याच्यासमोर बसले.

"डबे का बदलताय?"

भाकरी मोडता मोडता तो थांबला. "कसले डबे?"

"आता सोंग नको."

तो थोडा वेळ आमटीत भाकरी कुस्करत राहिला. "दादा म्हणाला. पुण्याहून येताना, तुम्ही दोघी झोपला होता तेव्हा. म्हणाला, सत्या, एकाला औषध, एकाला पाणी हे काय आपल्या घरात चालायचं नाही. आपण पाळी बदलतो तसे डबे बदलू. ज्याच्यात असंल ते दोघांच्या अंगात जाईल."

"अक्कांना माहितीये?"

"अक्काला सांगितलंय त्यानं. ती म्हणाली, या घरात आजवर कोण एकटं खाल्लंय?"

"आणि दोन्हीत पाणीच असलं तर?"

"मग दोघं सारखे."

"दोन्हीत औषध असलं तर?"

"मग पेढे!" तो हसला. मी हसत नाही म्हटल्यावर थांबला.

"अहो, ही रातपाळी नव्हे वाटून घ्यायला," मी म्हणाले. "पेप्टाइड अंगात टिकत नाही. रोज द्यायला लावलंय ते उगाच नाही. आठवडाभर दिलं आणि आठवडाभर पाणी घेतलं की केलेलं काम वाया जातं. अर्ध्यानं तुमचंही भागणार नाही आणि दादांचंही नाही. तिकडं त्या बिचाऱ्या मॅडमचा हिशोबही चुकायचा. आपण त्यांना सांगू."

"सांगितलं तर दोघांना काढून टाकतील."

ते खरं होतं.  मी म्हणाले, "आणि मला कळलंय कुठल्या डब्यात..."

त्यानं उठून माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला मागाच्या तेलाचा वास येत होता.

"बोलू नकोस."

"का?"

"कळलं की वाटता येत नाही."

तीन-चार दिवस आम्ही त्यावर बोललो नाही. मी जुईला भरवत होते, चट्टा बघत होते, आणि विचार करत होते. मिठाच्या पाण्यानं चट्टा उठत नाही. चट्टा 'थोरले' डब्याबरोबर फिरत होता. म्हणजे यंत्रानं चिठ्ठी काढली होती ती दादांच्या बाजूनं. दादा स्वतःच्या वाट्यातलं अर्धं धाकट्या भावाला देत होते आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

मग एका दुपारी सतीशनंच विचारलं. जुई त्याच्या पोटावर झोपली होती. तो छताकडं बघत म्हणाला, "कुणाचा?"

"दादांचा."

मला वाटलं, आता तो म्हणेल, चल, पुण्याला जाऊन सगळं सांगू. किंवा म्हणेल, असू दे, चाललंय तसं चालू दे. मनातून मला हेच दुसरं हवं होतं. अर्धं तर अर्धं. रसायनशास्त्र गेलं चुलीत.

तो म्हणाला, "बरं झालं." आणि जुईच्या पाठीवर थोपटत राहिला.

पुढची पाळी बदलली. दादांनी नेहमीप्रमाणे डबे बदलले. मी बघितलं. सकाळी सतीशनं सुया भरल्या. दुसऱ्या दिवशी चट्टा दादांच्याच दंडावर होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तो पूर्ण आठवडा, आणि परत डबे बदलल्यावर त्याच्या पुढचाही. सतीशच्या दंडावर काहीच उठलं नाही.

मी त्याला जिन्याखाली गाठलं. "तुम्ही दोन्ही आठवडे त्यांनाच देताय."

"हळू बोल."

"देताय ना?"

"डबा त्याच्याच नावाचा आहे, नीलम."

"निदान अर्धं तरी घ्या!"

"तूच म्हणालीस, अर्ध्यानं कुणाचंच भागत नाही." तो रागावला नव्हता, समजावून सांगत होता, जसा मागाचा एखादा बारकावा सांगावा तसा. "मग एकाला तरी पुरतं होऊ दे की."

"आणि जुई? तिलाही हेच असलं तर? ती वयात येईपर्यंत तुम्ही..."

"त्यासाठीच म्हणतोय. तिला असलं तर दवाखान्यात न्यायला, भांडायला, घरातलं मोठं माणूस लागेल ना एक. दादा असंल. दादाला नाही कुणी म्हणत नाही." मग माझं तोंड बघून म्हणाला, "मी गोळ्या घेतोय की. लगेच रडायला काय झालं?"

त्यानं मला कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं. अक्कांना तर मुळीच नाही. "तिला कळलं की तिच्या तोंडावर दिसणार, आणि दादाला ते दिसणार. मग तो जबरदस्तीनं मलाच सगळं घ्यायला लावणार. तुला माहितीये तो."

मला माहीत होता तो. मी कुणाला सांगितलं नाही.

पुढच्या खेपेला पुण्याला गेलो तेव्हा दादा खुशीत होते. रुग्णालयाच्या दारात उंच पायऱ्या होत्या. मागच्या वेळी मधेच थांबून त्यांनी चप्पल नीट केल्याचं नाटक केलं होतं. या वेळी ते तरातरा वर गेले आणि वरून ओरडले, "ये सत्या! म्हातारा झालास व्हय रे?"

"आलो, आलो."

"आलो काय? पळत ये! हरलेल्यानं उसाचा रस पाजायचा."

सतीश पळत गेला. मी जुईला घेऊन खाली उभी होते, मला त्याची पाठच दिसत होती. वर पोचल्यावर त्यानं गुडघ्यांवर हात टेकले आणि वाकून हसायला लागला. इतका वेळ हसत राहिला की त्यात श्वास लपून गेला.

"बघा, दोघंबी सुधारलो," दादा मॅडमना म्हणाले. "तुमचा रुमाल लागू पडलाय."

मॅडमनी दोघांना सारखंच तपासलं. "मला काहीच बोलता येत नाही काका. अभ्यास पुरा होऊ द्या."

"तुम्ही नका बोलू. आमचं आम्हाला कळतंय." त्यांनी सतीशच्या पाठीत थाप मारली. "कळतंय का न्हाई रे?"

"कळतंय की," सतीश म्हणाला.

मॅडम काहीतरी लिहून घेत होत्या. मी तोंड उघडलं होतं. दादांनी जुईला माझ्याकडून घेऊन खांद्यावर बसवलं, आणि ती त्यांच्या पांढऱ्या केसांना धरून खिदळायला लागली. मी तोंड मिटलं. परत येताना रस सतीशनं पाजला. अक्का म्हणाल्या, बिनबर्फाचा घ्या, घसा धरतो, आणि दादा म्हणाले, नळ्या मोकळ्या झाल्या आता, घशाचं काय घेऊन बसलीस.

त्या दिवसांत मी खरोखरच मान्य करायला लागले होते. आधी मनाविरुद्ध, मग थोडं थोडं मनापासून. दादांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. जेवणानंतर ते छाती चोळेनासे झाले होते. मी मनात म्हणायची, लागू पडतंय तर. एकाला पडलं म्हणजे औषध खरं आहे. अभ्यास संपेल, औषध बाजारात येईल, मग सतीशलाही मिळेल, लागलंच तर जुईलाही. तेवढा काळ फक्त त्यानं काढायला हवा. मी त्याचं तूप बंद केलं, सुताचा जड बीम उचलू नका म्हणून भांडले, तो जिना चढताना मोजत नसल्यासारखं करून त्याचे श्वास ऐकत राहिले.

कारखान्यातून येणारा मागांचा खडखडाट आमच्या घरात इतका मुरलेला होता की तो ऐकू येत नसे, थांबला तरच ऐकू यायचा. त्या सकाळी तो चालूच होता. गड्यानं माग सांभाळले होते आणि दादा रातपाळी करून आले होते. कट्ट्यावर बसले, बाही नव्हतीच, दंड पुढं केला. सतीशनं सुई दिली. अक्कांनी चहा आणून ठेवला.

"साखर टाकलीस व्हय आज?"

"चमचाभर. तोंडाला चव न्हाई म्हणत होता ना काल?"

"लाड वाढलेत माझे." त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकले. "सत्या, कोपऱ्यातल्या मागाचा धोटा बघ जरा. ठोका चुकतोय त्याचा."

सतीश सुई कागदात गुंडाळत होता. "कुठल्या कोपऱ्यातल्या? दाराकडच्या का खिडकीकडच्या?"

दादांनी उत्तर दिलं नाही.

"दाराकडच्या का?" सतीशनं मान वर केली.

मी जुईची वेणी घालत होते. आधी मला वाटलं दादा ऐकतायत, आवाजावरून माग ओळखायला बघतायत. ते तसेच बघत होते, कान कारखान्याकडं देऊन. मग अक्कांनी हाक मारली, अहो, म्हणाल्या, अहो ऐकलं का, आणि त्यांच्या खांद्याला हात लावला.

दवाखान्यात नेलं, पण ते न्यायचं म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी सतीशला बाजूला घेऊन सांगितलं. सतीश बाहेर आला आणि मला पहिलं वाक्य बोलला ते हे, "एक दिवसही चुकवलं नव्हतं गं मी."

सगळं एकदमच सांगून टाकते. त्याच वर्षाच्या अखेरीला तो अभ्यास मधेच थांबवला. आगटे मॅडमनी स्वतः फोन करून सांगितलं. औषध घेणाऱ्यांत आणि पाणी घेणाऱ्यांत फरक सापडला नव्हता. काहींना बरं वाटलं होतं, ते पाणी घेणाऱ्यांनाही वाटलं होतं. "प्रयोगशाळेत फार छान चालत होतं," त्या म्हणाल्या. जुई पहिलीत जायच्या आधी सतीश गेला. तोही सकाळी, कारखान्याच्या वाटेवर. माग आम्ही विकले. जुई आता बारावीला आहे आणि रोज रात्री एक गोळी आणि महिन्याला एक इंजेक्शन घेते, ते वेगळं औषध आहे. त्यानं कोलेस्टेरॉलचा आकडा थोडा खाली आलाय. किती दिवस राहील ते मी कुणाला विचारत नाही. अलीकडं ती तिच्या टाचांना हात लावू देत नाही.

पण मला आठवत राहते ती दादांच्या तेराव्यानंतरची सकाळ.

पाहुणे गेले होते. मी स्वयंपाकघरात भांडी लावत होते. अक्का आल्या, फ्रिज उघडला आणि उघड्या फ्रिजसमोर उभ्या राहिल्या.

"नीलम, एक विचारू? खरं सांगायचं."

"विचारा अक्का."

"तू शिकलेली हायस. तुझं समद्यांवर बारीक लक्ष असतंय, मला म्हाईत हाय. तुला कळलं असणार." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. "हे गेले त्या आठवड्याला यांच्या अंगात काय जात होतं? औषध का पाणी?"

सतीशनं बजावलं होतं ते दादा असेपर्यंत. आता कुणापासून लपवायचं होतं?

"औषध," मी म्हणाले. "अक्का, त्या आठवड्यालाच नाही. त्याच्या आधीचे सगळे आठवडे. दोन महिने आमच्या यांनी अदलाबदल केलीच नाही. दादा डबे बदलायचे, पण हे सुया भरताना थोरल्यांच्याच डब्यातली बाटली दादांना द्यायचे. सगळं औषध दादांनाच गेलं. पुरतं, रोजच्या रोज. यांनी पाणी घेतलं."

अक्का वळल्या. माझ्याकडं बघत राहिल्या, आणि मग त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. त्या हसल्या. दुःखातली बाई एखाद्या लहान पोराकडं बघून हसते तशा.

"किती चांगली गं तू."

"अक्का, मी खरं सांगतेय."

"सांगतेस की. माझ्या जिवाला लागू नये म्हणून सांगतेस. मला वाटू नये, की यांचं अर्धं सतीशला गेलं म्हणून हे गेले." त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "मला तसं वाटत न्हाई गं. त्यांनी आपल्या खुशीनं वाटलं. मी हो म्हटलं. माझा सतीशवर राग न्हाई."

"चौंडेश्वरीची शपथ अक्का, दादांना सगळं..."

"शपथ घ्यायची न्हाई!" त्यांनी माझ्या तोंडावर बोट ठेवलं. "लेकुरवाळी बाई तू. असल्या गोष्टीसाठी शपथ घेतात व्हय?"

मला सतीशला हाक मारावीशी वाटली. त्यानं येऊन सांगावं. पण तो कारखान्यात होता, आणि आला असता तरी काय? त्यालाही त्या अशाच हसल्या असत्या. भावासाठी खोटं बोलतोय म्हणाल्या असत्या.

"पुरतं मिळालं असतं," अक्का म्हणाल्या, "तर हे आज बसले असते त्या कट्ट्यावर. बघितलंस ना पुण्यात कसे चढले पायऱ्या? ते अर्ध्यावर चढले बघ. अर्ध्यावर एवढं, तर अख्ख्यावर किती?"

त्यांनी वरच्या कप्प्यातून दादांचा डबा काढला. आत बऱ्याच बाटल्या उरल्या होत्या. पदराच्या टोकानं त्यांनी झाकणावरचं दव पुसलं आणि डबा माझ्यापुढं धरला.

"हे घे. सतीशला रोज दे. आता वाटणी न्हाई करायची."

"पुण्याच्या बाईंचा फोन आला होता. उरलेलं परत द्यायचंय म्हणाल्या."

"फुटल्या म्हणून सांग. घरात मयत झालं, पाहुणेरावळे, कुणाचातरी धक्का लागला. त्या काय घरी येऊन बघतायत?" त्यांनी डबा माझ्या हातात ठेवला आणि माझी बोटं त्याच्यावर मिटवली. "दोघांतला एक तरी राहू दे. त्यांचंच औषध त्यांच्या भावाच्या अंगात. मला तेवढं बास हाय."

डबा गार होता. बाहेर जुई कट्ट्यावर एकटीच बसून कुणाशीतरी बोलत होती.

"लागू पडंल न्हवं त्याला?" अक्कांनी विचारलं.  "आता अख्खं मिळतंय. पडंल न्हवं?"

मी त्यांच्याकडं बघितलं. त्या सकाळी सुयांबद्दल मी त्यांना जे जे सांगितलं होतं, त्यातल्या एकाही शब्दावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

"पडेल की," मी म्हणाले.

ते मात्र त्यांना लगेच पटलं.